आई सिरियस, लगेच निघा

पेजर कमरेला लावून फिरणाऱ्या माणसाला वाटायचं, आपला निरोप आपण एकटेच वाचतो. तो आधी मी ऐकलेला असायचा. नव्वदच्या दशकात सांगलीत एका पेजर कंपनीच्या ऑफिसात मी ऑपरेटर होते. लोक फोनवर निरोप सांगायचे, मी तो इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायचे, आणि तो ज्याच्या त्याच्या कमरेला वाजायचा. हळदीच्या बाजारातल्या गोष्टी, मुलगी बघायला येणारे पाहुणे, नवराबायकोचे रुसवे, सगळं माझ्या कानावरून जायचं. त्यातलं एक अक्षर मी बाहेर बोलत नसे आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

गाळायचं काम मात्र आम्ही मुली हौसेनं करायचो. साहेबांचे दोन नियम होते. शिवी आली की गाळायची. आणि मरणाची बातमी सरळ द्यायची नाही. आपल्याकडे रीतच तशी. माणूस गेलेला असला तरी परगावच्या नातेवाइकाला ‘तब्येत जास्त आहे, या’ एवढंच कळवायचं, म्हणजे प्रवासात त्याचा धीर सुटत नाही. मलाही त्यात माणुसकीच दिसायची.

एका सकाळी माण तालुक्यातल्या खेड्यातून फोन आला. बोलणाऱ्याचा थोरला भाऊ सांगलीत गुळाचा व्यापारी होता.

“ताई, लिवा. दादा, आई गेली. तुज्याबिगर उचलत न्हाई. दिवस मावळंपतूर थांबतो.”

बिचारा रडत नव्हता. एकेक शब्द नीट सांगत होता. मी टाईप केलं, ‘आई सिरियस, लगेच निघा.’ ‘थांबतो’ लिहिलं तर मरण कळणारच, म्हणून तेही गाळलं. माझ्या मते मी चांगलं काम केलं होतं.

तेरावं झाल्यावर तो व्यापारी ऑफिसात आला. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मुंडण दिसलं. पेजर माझ्यापुढे धरून म्हणाला, “ह्यो निरोप बघा. आई जित्ती हाय समजून मी डाक्टरच्या दारात चार वाजंपतूर बसलो. त्यास्नी गाडीत घालून अंधार पडल्यावर गावात पोचलो, तर चिता पेटलेली. थोरला मी, आणि अग्नी धाकट्यानं दिला. तो म्हनतो, मी आई गेल्याचंच कळवलं हुतं. मी म्हनतो, खोटं बोलतोस, तुला मानपान पायजे हुता. आता आमी एकमेकाचं तोंड बघत न्हाई. बाई, काय सांगितलं हुतं त्यानं?”

साहेब आतून लगबगीनं बाहेर आले. “अहो, रोज एवढे निरोप येतात, ऑपरेटरला कसं आठवणार?” म्हणाले आणि माझ्याकडे डोळे वटारले.

मला माझीच चीड आली. पोटात ठेवायची सवय होती ना, तर हेही पोटात ठेवता आलं असतं. पण ते दोघे भाऊ जन्मभर एकमेकांना खोटं समजले असते, आणि खरं माहीत असलेली मी एकटीच होते.

“आठवतंय,” मी उठून म्हणाले. “तुमचा भाऊ खरं बोलला. निरोप मी बदलला.”

साहेब ओरडले, “नियम आहे तो! उद्यापासून यायचं नाही!”

“येणार,” मी म्हणाले, “आणि माणूस सांगेल तेच लिहिणार. काढायचं असेल तर आत्ताच काढा.”

साहेब पाय आपटत आत गेले. व्यापाऱ्याचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.

“मग त्याचं शब्द काय हुतं?”

मी सांगायला तोंड उघडलं, पण माझ्या तोंडून ते ऐकवणं मला बरं वाटलं नाही. ते शब्द त्याच्या भावाचे होते. मी खाली बसले आणि त्याच्याच नंबरवर निरोप टाईप केला, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

त्याच्या हातातला पेजर वाजला. इंग्रजी अक्षरं तो एकेक करून लावत वाचत गेला. शेवटच्या ओळीवर अडला.

“थांबला हुता व्हय त्यो माज्यासाठी?”

“दिवस मावळेपर्यंत,” मी म्हणाले.

त्यानं टोपी उचलली. निरोप पुसला जाऊ नये म्हणून पेजर बटणाला बोट न लावता दोन्ही हातांत धरला, आणि तसाच एसटी स्टँडकडे, माणकडे जाणाऱ्या गाडीला निघाला.