टोपी काढली का?

विमानआण्णा कुणाला "कसं काय" विचारत नसत, "टोपी काढली का?" विचारत. मी स्टोव्ह पेटवायला बसले तरी, माझे मालक कुपवाडला कामावर निघाले तरी. "आण्णा, डोक्यावर केस न्हाईत, टोपी कुठली?" असं मालक म्हणायचे. आण्णा हसत नसत.

सातवीतच शाळा सुटली, लग्न झालं आणि कोरेगावहून मी सांगलीला आण्णांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. माझ्या बाळंतपणात मिरजेच्या दवाखान्यात डबा आणणारे आण्णाच. हवाई दलात विमानांना शस्त्रं जोडायचं त्यांचं काम. पेन्शनीत आल्यावर त्यांनी सागवानाचं हातभर मिसाईल घडवलं होतं. विमानातून विमानावर सोडतात तसलं. चार पंख, काचेचं नाक, नाकावर लाल कापडाची टोपी. "उडायच्या आधी ही काढायची. ऱ्हायली तर आंधळं हाय ते."

खंडेनवमीला गल्ली हत्यारं पुजायची. आण्णा मिसाईल ट्रंकेत ठेवत आणि पाटावर नुसती टोपी मांडून तिला हळदकुंकू वाहत. एकदा विचारलंच. म्हणाले, "एकाहत्तरच्या लढाईत साताऱ्याचं एक पोरगं विमान घेऊन उडालं, माघारी आलं न्हाई. त्या सकाळी मी टोपी काढली का न्हाई, आठवत न्हाई."

"काढली असणार, आण्णा."

"असणार म्हणू नगंस. काढली का न्हाई, एवढंच सांग."

दर दिवाळीला मिसाईल टॉवेलात गुंडाळून ते साताऱ्याला त्या पोराच्या आईकडं जात आणि दारावरनंच परत येत. एका वर्षी माहेरी जाताना मी सोबत गेले आणि कडी वाजवली.

त्या पोराच्या आईंनी चहा ठेवला. आण्णांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. आई बराच वेळ त्या लाकडावरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "तो शेवटचा निघाला तेव्हा मी हातावर दही घातलं होतं का, मलाही आठवत नाही हो."

मिसाईल तिथंच राहिलं. टोपी आण्णांच्या खिशात.

पुढं मालकांना भिलाईला काम लागलं. निघताना आण्णा वाटी घेऊन दारात उभे. माझ्या तळहातावर दही घातलं. "खाल्लंस न्हवं?"

"व्हय, आण्णा."

"ध्यानात ठेव. कुणी इचारलं तर सांगता आलं पायजे."

मुलाच्या परीक्षेचं निमित्त करून मी दोन वर्षं सांगलीला गेले नाही. आण्णा गेल्याचं कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

वाटी जर्मनची होती, पोचे पडलेली. दही आंबट होतं. मी सगळं चाटून खाल्लं होतं, आण्णा.