बेटाखालच्या डोहातला पहिला मासा

माझं अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनातही चुका असतील, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. महाडच्या बाजूला बरीच वर्षं होमगार्ड म्हणून पोलिसांबरोबर काम केलं. त्यातलं सावित्री नदीच्या बेटाखालच्या डोहाचं प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही.

उन्हाळ्यात नदी आटली की मासे त्या डोहात गोळा होतात. पावसात वर चढून अंडी घालणारे तेच. म्हणून होळीपासून पावसाळा संपेपर्यंत तिथे मासेमारी बंद, असा ग्रामसभेचा ठराव होता. एके सकाळी डोहावर मेलेल्या माशांचा थर आला. पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास होता; मासे धरायला कोणीतरी ती टाकली होती.

आदल्या दिवशी कातकरीवाडीवरचा एक माणूस जाळं घेऊन नदीकडे जाताना दिसला, अशी खबर मिळाली. हवालदारांनी त्याला ताब्यात घेतलं, जाळं मुद्देमालात जमा केलं. ओढ्यावर गेलो होतो, डोहात पाय घातला नाय, एवढंच तो सांगत राहिला. गावाला तोच चोर हवा होता. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं.

पंचनाम्याच्या वेळी मला बेटावरच्या म्हातारीकडे बसवलं. तिचा नवरा होडी चालवायचा. डोहातला पहिला मासा होडीवाल्याच्या घरी द्यायचा, असा गावाचा रिवाज. नवरा गेला तरी तो मोडला नव्हता. मला बोलायचा संकोच, मी नुसती बसून राहिले. तीच बोलू लागली.

"कालचं कालवण ओतून टाकलं गो. मासा मोठा होता, पण औषधाचा वास मारत होता."

बंदीत मासा कुठून आला, विचारलं तर ती भांडी आवरायला लागली.

मी हवालदारांना बाहेर बोलावून हे सांगितलं. त्यांनी हिशेब लावला. वाडीवरचे ओढ्यावरच मासे धरत, त्या माणसाला हा रिवाज ठाऊक नव्हता. मासा देणारा गावातलाच असणार. आणि गावात पावडर हाताशी असणारा एकच, ग्रामपंचायतीच्या टाकीत ती टाकणारा पाणीवाला.

चौकीत त्याने आधी सगळं नाकारलं. हवालदारांनी आवाज चढवला नाही.

"आजीने कालवण ओतलं म्हणून बरं. खाल्लं असतं म्हणजे?"

त्याची मान खाली गेली. मुंबईहून पाहुणे आले होते, त्यांना मासे हवे होते, म्हणाला.

"चोरून धरलेस, मग तिच्या दारात कशाला गेलास?"

"बेटाचा मासा हाय, साहेब. तिला दिल्याबिगर घरी कसा न्यायचा?"

कायदा मोडणारा माणूस सगळंच मोडत नाही. तो काय मोडत नाही तेही तपासात बघावं, हे मी तेव्हा शिकले.

वाडीवरचा माणूस सुटला. गावातून कोणी त्याची माफी मागितली नाही. डोहावर बंदीची पाटी लागली, पण म्हातारीने सांगून टाकलं, "डोह माशांनी भरेस्तोवर मला कुणाचा वाटा नको." पहिला मासा घेणारंच कोणी नाही म्हटल्यावर पाण्यात जाळं टाकायला कोणी धजलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर तिने वाडीवर निरोप पाठवला. त्या वर्षीचं पहिलं जाळं त्याच माणसाने टाकलं.