माझी अकरा वर्षं शून्य धरली

"या चार पट्ट्या इथंच काढून द्या. तीनवाल्या घ्या."

युनिफॉर्मच्या काउंटरवर, मागं रांगेत पंधरा-वीस माणसं उभी असताना, हे मला सांगितलं गेलं. सांगणारा कारकून नव्हता. मोठ्या विमान कंपनीचा सीनियर कॅप्टन होता. आमची छोटी कंपनी त्यांनी विकत घेतली होती आणि आम्हा पायलटांना सामावून घ्यायचं काम त्याच्याकडं होतं. खांद्यावर चार पट्ट्या म्हणजे कॅप्टन. तीन म्हणजे त्याच्या उजवीकडं बसणारा को-पायलट.

मी म्हटलं, "सर, मी कॅप्टन आहे. सहा वर्षं."

तो रांगेकडं बघून हसला. "पंख्याच्या विमानाची. उडती एसटी ती!"

रांग हसली. आणि मी पट्ट्या काढल्या. स्वतःच्या हातानं. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. "ओके सर," असंही म्हणाले. हे लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

वरच्या मजल्यावर सीनियॉरिटीची यादी लावली होती. पायलटाचं सगळं आयुष्य या यादीवर चालतं. कोणतं विमान, किती पगार, सुट्टी कधी, कपात आली तर आधी कोण बाहेर. यादीत माझं नाव शेवटून चौथं. नोकरीची सुरुवात म्हणून कंपन्या एकत्र झाल्या तो दिवस लिहिलेला. त्याआधीची अकरा वर्षं गायब. डोंगरातल्या आखूड धावपट्ट्या, धुकं, दिवसाला चार-चार उड्डाणं. काहीच झालं नव्हतं म्हणे.

माझ्या कितीतरी वर एक ओळखीचं नाव होतं. हा माझाच को-पायलट. आडव्या वाऱ्यात विमान कसं उतरवायचं ते त्याला मी शिकवलं. दीड वर्षापूर्वी तो याच मोठ्या कंपनीत गेला. तिथंच उभा होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मॅम, मी काय करू? लिस्ट त्यांनी बनवलीय."

त्याला खरंच काही करायचं नव्हतं. यादी त्याच्या सोयीची होती.

मी अर्नाळ्याची, कोळ्याची पोर. त्या संध्याकाळी एव्हरशाईन कॉलनीतल्या माझ्या फ्लॅटवर न जाता आईकडं गेले. ती वाळलेले बोंबील काढत होती. मी सगळं सांगितलं. शुक्रवारी एका कागदावर सही द्यायची होती: माझी आधीची सेवा धरली जाणार नाही, हे मला मान्य आहे.

आई हात न थांबवता म्हणाली, "करून टाक गो सही. मोठ्या मान्सांशी भांडून कोनाचं भलं झालंय?"

मला तिचा भयंकर राग आला. तिला काय कळतं, असंही मनात आलं. मग लाज वाटली. काउंटरवर मी दुसरं काय केलं होतं? तेच. फक्त इंग्रजीत.

शुक्रवारी त्याच कॅप्टननं कागद माझ्यापुढं सरकवला. मी पेन उचललं नाही.

"मॅडम, जेट मिळतंय तुम्हाला. आभार माना. तुमच्या घरात कुणी विमानात तरी बसलं होतं का? कुठून कुठं आलात ते बघा!"

"कुणी बसलं नव्हतं," मी म्हणाले. "मी इथवर आले ती तुमच्या मेहरबानीनं नाही. माझी वर्षं पुसायचा हक्क तुम्हाला नाही."

मग पेन घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं, 'अमान्य'. अक्षर वाकडं आलं. पण वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मला एकही उड्डाण नाही. आज चौथा महिना. माझ्यामागून आणखी आठ जणांनी सही नाकारली. बाकीच्यांनी केली, त्यातले काही फोन उचलत नाहीत.

गेल्या आठवड्यात मला एकटीला बोलावलं. या वेळी चहा आला. तोच कॅप्टन, आवाज मऊ. "तुम्हाला कॅप्टन म्हणून घेतो. यादीत वरही आणतो. फक्त त्या आठ जणांना समजवा."

म्हणजे वर्षं मोजता येत होती. पहिल्या दिवसापासून येत होती.

मी चहा तसाच ठेवला आणि उठले. दारातून सांगितलं, "नऊ जणांची मोजा. नाहीतर कोर्टात मोजायला लावू."

कोर्टात वेळ जाईल. तोवर सराव तुटेल, कदाचित मी पुन्हा कधीच विमान उडवणार नाही. आईनं परवा परत विचारलं, "काय मिळालं गो तुला?" काही नाही मिळालं. तरी मी मागं हटणार नाही. त्या आठ जणांना विकून मिळणारी खुर्ची मला नको. आणि ती यादी मी सुखानं चालू देणार नाही.