रत्नम्माक्काचा पाण्याचा ग्रुप

आमच्या भवानी पेठेत नळाला पाणी येतं ते स्वतःच्या मर्जीनं. उद्या येणार म्हणतात, परवा येतं. सकाळी म्हणतात, दुपारी येतं. रत्नम्माक्काची पिठाची गिरणी गल्लीच्या तोंडाशी आहे, त्यामुळं पालिकेच्या माणसानं चावी सोडली की पहिली धार तिच्या दारातल्या नळाला. तिथून शेवटच्या बोळात पोचायला पाण्याला बराच वेळ लागतो. तेवढ्यात पिंपं धुऊन, मोटर जोडून तयार राहायचं. नाहीतर बसा पुढच्या पाळीपर्यंत हात चोळत.

म्हणून अक्कानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव, 'पाणी आलं'. मी महानंदा, गिरणीच्या समोर ब्लाऊज शिवते. मलाही तिनं ॲडमिन केलंय, का ते तिलाच ठाऊक. माझा स्वभाव असा की कुणी जास्त बोललं की दे हाकलून. अक्काला लिहायचा कंटाळा. ती फोन तोंडाशी धरते आणि ओरडते, "पाणी आलं बघा! उठा!" मागं गिरणीची घरघर. फोन पिठानं असा माखलेला की मूळचा रंग कुणालाच आठवत नाही.

सुरुवातीला त्या ग्रुपची काय दशा झाली म्हणून सांगू! फुलांचे फोटो, शुभ सकाळ, गुडघेदुखीवरची औषधं, निवडणूक आली की एकमेकांची उणीदुणी. त्या ढिगाऱ्याखाली अक्काचा निरोप दबला आणि एकदा निम्म्या गल्लीचं पाणी हुकलं. मी म्हटलं, "अक्का, सगळ्यांना काढ."

"ब्याड ब्याड," ती म्हणाली. नको म्हणायचं असलं की तिच्या तोंडून कानडीच येतं. "माणसं बोलणारच की गं. बोलायला जागा वेगळी देऊ."

आणि तिनं दुसरा ग्रुप काढला, 'गिरणीचा बाक'. पाण्याच्या ग्रुपात फक्त पाणी, बाकी गप्पा बाकावर. हा बाक खरोखरचा आहे. गिरणीत दळण होईपर्यंत बसायला अक्काच्या सासऱ्यांनी टाकलेला. त्यांचा एक शिरस्ता होता. गिरणीत येऊन कुणी भांडलं, कुणाचा अपमान केला, तर त्यानं बाकावर बसायचं नाही, पायरीखाली उभं राहायचं. ज्याला बोलला त्याची माफी त्याच बाकासमोर मागितली, की मग बसायचं. पण तोवर त्याचं दळण अडवायचं नाही. डबा नंबरात, पीठ वेळेवर. सासरे गेले, शिरस्ता राहिला, आणि अक्कानं तो तसाच उचलून फोनमध्ये नेला.

कुणी तिरकं बोललं की अक्का ग्रुपवर चकार शब्द काढत नाही. त्या माणसाला फोन लावते. "जेवलास का? काय झालं बाबा आज?" निम्म्या लोकांचा राग जेवलास का ह्यालाच उतरतो. मला हे अजिबात जमत नाही. मी एकदा करून बघितलं, तर मीच भांडून फोन ठेवला.

मल्लिनाथचा राग मात्र उतरला नाही. मल्लिनाथ शेवटच्या बोळातला, स्वतःचं घर, गल्लीत मान. माणूस वाईट नाही हो, अडीनडीला पहिला धावतो. पण अंगात ताठा. त्याच्या शेजारी बिरप्पा भाड्यानं राहतो. सांगोल्याकडचा, घरची मेंढरं विकून इथं टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. त्यानं एकदा बाकाच्या ग्रुपवर सांगितलं, "शेवटच्या बोळात पाणी लई कमी येतंय. ज्यांचं भरून झालं त्यांनी मोटरी बंद केल्या तर बरं हुईल." सरळ बोलणं होतं. त्यावर मल्लिनाथ म्हणाला, "कालच्या भाडेकरूनं आम्हाला शिकवू नये. मेंढरं राखायची सोडून गल्ली राखायला आलाय."

अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं. माझ्या तर डोक्यात तिडीक गेली.

अक्कानं मल्लिनाथला फोन केला. एकदा, दोनदा. "त्याची माफी माग रे." तो म्हणाला, "मी? त्याची?" तेव्हा अक्कानं त्याला बाकाच्या ग्रुपातून काढलं. पाण्याच्या ग्रुपात ठेवलं. पण ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रागारागानं तो पाण्याच्या ग्रुपातूनही स्वतःच बाहेर पडला.

मी म्हटलं, "गेला तर जाऊ दे. राहील कोरडा, येईल ताळ्यावर."

अक्का माझ्यावरच डाफरली, "मी बाकावरनं उठवलाय त्याला, पाण्यावरनं न्हाय. माझ्यामुळं त्याचं घर कोरडं राहिलं तर ही गिरणी बंद केलेली बरी!"

मग दर पाळीला तिचं एक काम वाढलं. ग्रुपवर ओरडायचं आणि लगेच मल्लिनाथला फोन लावायचा. तो उचलायचा, "पाणी आलं" एवढं ऐकायचा आणि हूं की चूं न करता कापायचा. पण मोटर लावायचा हो! मला असं हसू यायचं. एके दिवशी त्यानं अक्काचा नंबरच ब्लॉक केला. मला हसू यायचं बंद झालं.

त्यातच त्याच्या पोरीचा साखरपुडा ठरला, रविवारचा. पाणी शनिवारी येणार होतं, म्हणून सगळे निवांत. आणि ते आलं शुक्रवारी, भर दुपारी. ते हुकलं असतं तर पुढची पाळी थेट साखरपुडा उरकल्यावर. अक्कलकोटचे पाहुणे दारात आणि टाकीत थेंब नाही! अक्कानं ग्रुपवर हाक मारली, मग मल्लिनाथला फोन लावला. लागेना. माझ्या फोनवरून लावला, उचलेना. त्याच्या दारात मांडव, स्पीकरवर गाणी, कुणाला काय ऐकू जाणार? तिनं पुन्हा ग्रुपवर सांगितलं, "शेवटच्या बोळातलं कुणी हाय का? मल्लिनाथच्या घरी सांगा, पाणी आलंय." उत्तर नाही. जो तो आपापली पिंपं भरण्यात.

अक्कानं गिरणी थांबवली. दळण अर्ध्यावर असताना तिनं गिरणी थांबवलेली मी कधी पाहिली नव्हती. केसाला, पापण्यांना पीठ, तशीच निघाली. मी मागून बडबडत, "त्यानं तुला ब्लॉक केलंय, लाज आहे का तुला काही?" ती म्हणाली, "चल, चल. तुझं तोंड नंतर चालव."

बोळात पोचलो तर मल्लिनाथची मोटर चालू. वर बघितलं तर गच्चीवर बिरप्पा, टाकीत पाइप धरून उभा. रात्रपाळी करून झोपलेला माणूस, अक्काचा निरोप ऐकून उठला आणि थेट शेजारच्या मांडवात शिरला होता. खाली मल्लिनाथ उभा, मान वर करून त्याच्याकडं बघत. आम्हाला बघितलं आणि मान खाली घातली.

"तुझं भरलं का रे?" अक्कानं वर बघून बिरप्पाला विचारलं.

"न्हाय अक्का. ह्यांच्या घरी कार्य हाय. माझं काय, दोन घागरी. हुईल की."

खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मल्लिनाथचं मला माहीत नाही, तो तेव्हा तोंड फिरवून उभा होता.

साखरपुडा झाला. दोन दिवसांनी मल्लिनाथ स्वतः ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आला. एरवी त्याची बायको यायची. बाकावर नेमका बिरप्पा. मल्लिनाथ पायरीखालीच थांबला. अक्कानं नंबरात डबा घेतला, दळण लावलं. शेवटी त्यालाच राहवेना. "बिरप्पा, चुकलो बाबा मी."

"असू द्या की," म्हणत बिरप्पा सरकून जागा करायला लागला.

"थांब," अक्का म्हणाली. तिनं पिठाचा फोन मल्लिनाथपुढं धरला. "सगळ्या गल्लीसमोर बोलला होतास. तितंच सांग."

मला वाटलं, आता हा डबा टाकून जातोय. पण त्यानं फोन घेतला. गिरणीच्या घरघरीत जोरात बोलावं लागलं त्याला, तेही बरंच झालं. बोलून झाल्यावर बाकावर बसला, बिरप्पाला खेटून. अक्कानं त्याला तिथल्या तिथं दोन्ही ग्रुपांत परत घेतलं.

पुढच्या पाळीला अक्काची हाक रात्री आली, मी मोटर लावली. थोड्या वेळानं ग्रुपवर शेवटच्या बोळातून एक आवाज आला. मल्लिनाथचा.

"आमच्या बोळात पाणी आलं. बिरप्पा कामावर हाय, त्याचं भरून ठेवलंय. आता माझी मोटर लावतो."