मयत समजण्यात यावे

समन्स आलं तेव्हा आई अंगणात कोलंबीचे सोडे वाळत घालत होती. बेलिफ तिला सही करता का अंगठा विचारत होता आणि ती त्याला चहा घेणार का विचारत होती. कोर्टाचा माणूस दारात आला की लोक घाबरतात. आमच्या आईला वाटलं, हा मुलाची काही खबर घेऊन आला. आमचं घर रोह्याला, आणि माझा भाऊ तिथल्याच एका कंपनीत होता. आठ वर्षांपूर्वी सकाळच्या शिफ्टला म्हणून घरातून निघाला. कंपनीत पोचला नाही आणि परतही आला नाही. तेव्हापासून हातात कागद घेऊन कोणीही आलं की आई आधी चहा टाकते.

बेलिफ गेल्यावर तिनं मला पेणला फोन केला. "ह्यात माझं नाव हाय. प्रतिवादी म्हंजे काय गो?"

मी शाळेत मराठी शिकवते. शब्दांचे अर्थ सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम. "ज्याच्यावर दावा लावतात तो," मी म्हटलं.

"आनि लावनारा कोन?"

लावणारी माझी वहिनी. त्या वेळी ती आतल्या खोलीत आईसाठीच भाकऱ्या थापत होती.

भांडण नव्हतं, हे आधी सांगायला हवं. सासू-सुनेचं जेवढं असतं तेवढंही त्या दोघींत कधी नव्हतं. पण रस्ता रुंद होणार होता आणि त्यात आमचं घर जाणार होतं. बदल्यात दुसरी जागा मिळणार, पण ती घरमालकाला, आणि घर भावाच्या नावावर. वहिनीनं चपला झिजवल्या. सगळीकडे एकच उत्तर: मालकाला आणा, नाहीतर त्याच्या मृत्यूचा दाखला आणा, मग वारस म्हणून तुमचं नाव लावू. जिवंत माणसाला वारस नसतो, हे मला तेव्हा कळलं. आणि बेपत्ता हा शब्द फक्त पोलीस ठाण्यात चालतो. इतर कचेऱ्यांत माणूस एकतर असतो, नाहीतर मयत असतो. जागा हुकली असती तर वहिनी, तिची मुलगी आणि आई, तिघी उघड्यावर.

वकिलांनी मार्ग सांगितला. सात वर्षं एखाद्याची काहीच खबर नसेल, तर कोर्ट त्याला मयत ठरवू शकतं. आई पण वारस, तेव्हा दाव्यावर दोघींनी सही करायची. वहिनीनं केली. आईनं कागदाला हात लावला नाही. "शास्त्रात बारा वर्षं सांगितलीत," ती म्हणाली.

आमच्याकडे तशी रीतच आहे. घरातून गेलेल्याची बारा वर्षं काही खबर आली नाही, तर त्याचा दर्भाचा नि पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात आणि मग दिवस घालतात. तोवर बायकोचं कुंकू राहतं. पितृपक्षात त्याच्या नावानं पान वाढत नाहीत. आईच्या हिशेबानं भावाची अजून चार वर्षं शिल्लक होती, आणि ती कायद्यानं मध्येच कापून घेतली होती.

जो वारस सही करत नाही, त्याला दाव्यात प्रतिवादी करावं लागतं. एवढाच त्या समन्सचा अर्थ होता. मी रोह्याला गेले आणि आईवर चिडले. माझा स्वभाव तापट आहे, त्यात शिक्षकी आवाज. "रस्ता चार वर्षं थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"रस्त्याला काय आई हाय?" ती म्हणाली.

खरं तर मी भावावर चिडलेली होते. कुठे सुखात असेल तर जाऊन त्याच्या दोन कानाखाली वाजवाव्यात, असं वाटायचं. आणि लगेच वाटायचं, असू दे, नुसता असू दे.

मग पेपरात जाहीर नोटीस आली, त्याच्या लग्नातल्या फोटोसकट. 'सदर इसमाबाबत कोणास काही माहिती असल्यास...' आईनं इसम म्हणजे काय विचारलं. माणूस, मी म्हटलं. "मग मानूस लिवायला यांचा हात मोडला का?" तिनं तो फोटो कापून घेतला आणि बाकीचा पेपर मला परत दिला.

शेवटी तिला वकिलांकडे नेलं. भला माणूस. त्यांनी सावकाश समजावलं, "आजी, तो गेला असं कोर्ट म्हणत नाही. गेला असं धरून चालतं. याला गृहीतक म्हणतात."

"आनि उद्या आला तर?"

"तर हुकूम रद्द करून घेता येतो."

आई म्हणाली, "म्हंजे खोटं खोटं." एरवी मी मध्ये तोंड घातलं असतं. त्या दिवशी जीभ आवरली. "मंग सांगते कोर्टात," ती म्हणाली. "त्याचं मला काय कळलं नाय, एवढं सांगते. ते खरं हाय."

कोर्टात तिला साक्षीला उभं केलं. न्यायाधीश बाई माझ्यापेक्षा लहान होत्या आणि मऊ आवाजात विचारत होत्या. मुलाची काही खबर? नाय. फोन, पत्र? नाय. कोणी त्याला कुठे पाहिल्याचं कानावर आलं? हे तिसरं 'नाय' बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं आणि आईला ते पुन्हा म्हणावं लागलं. वहिनी खाली बघत होती.

काही महिन्यांनी निकालाची प्रत हाती आली. दुपारची वेळ, आम्ही तिघीच घरात. मी मोठ्यानं वाचलं: यांस दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून मयत समजण्यात यावे.

"समजन्यात, बघ," आई म्हणाली. तिला तेवढा आधार पुरला.

वहिनीनं विचारलं, "वन्सं, दावा दाखल झाल्याची तारीख कुठली?"

मी सांगितली. माणूस नेमका केव्हा गेला हे कोर्टाला कळत नाही, कुठली तरी तारीख धरावी लागते, म्हणून दाव्याचीच धरतात, हेही सांगितलं.

"म्हणजे त्या दिवसापर्यंत ते होते," वहिनी म्हणाली. "मी सही केली आणि ते गेले."

ती रडली नाही. उजवा हात नुसता पदराला पुसत राहिली. अगं, ही नुसती पद्धत आहे, कागदोपत्री आहे, मी सांगत सुटले. होते नव्हते ते सगळे शब्द वापरले. तिच्यापर्यंत एकही पोचला नाही. हात पुसणं चालूच.

आई भिंतीला हात लावत उठली, तिच्याजवळ जाऊन बसली आणि तो हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"नाय गो," ती म्हणाली. "तुझ्या सहीनं नाय गेला. शिफ्टला निघाला त्याच दिवशी गेला तो. मला तवाच कळलं होतं."

मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मयताच्या घरात रडतात तशी आई मोठ्यानं रडली.