करमाडची कौसामावशी

कौसामावशी कुठल्याही जखमी माणसाला पहिला प्रश्न एकच विचारायची, "जेवला का रं?"

मलाही तिने तोच विचारला. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रा लावताना प्रेस मशीन हातावर आली आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. दवाखान्यात मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ओळख ना पाळख, ही बाई येऊन खाटेवर बसली, डबा दोन गुडघ्यांत घट्ट धरला आणि डाव्या हाताने झाकण काढलं. तेव्हा दिसलं, तिचा उजवा हात मनगटाशीच संपला होता.

"रडायचं तर रड," ती म्हणाली, "पण भाकर गार व्हायली."

कंपन्यांच्या रस्त्यावर ती पिठलं-भाकरीची गाडी लावायची. कुणाचा हात मशीनमध्ये सापडला हे गाडीवर आधी कळे, आणि गाडी आवरली की मावशी डबा घेऊन दवाखान्यात हजर.

माझे टाके ओले असतानाच सुपरवायझर कागद घेऊन आला. अपघात माझ्याच हलगर्जीपणामुळे झाला, असं त्यात होतं. "डाव्या हाताचा अंगठा दे, नोकरी शाबूत राहील," तो म्हणाला. माझी बायको रेखा तेव्हा पोटुशी होती. तिने घाबरून मला 'द्या' अशी खूण केली. मी अंगठा पुढे केला.

"साहेब," मावशी मध्येच बोलली, "मशीनची हात वाचवायची जाळी तुमीच काढून ठेवली व्हती म्हणतो हा पोरगा. ते लिव्हलंय का ह्याच्यात?"

"मावशी, तुम्ही यात पडू नका."

"म्या कवाचीच पडलेली हाय की!" असं म्हणत तिने थोटा हात कागदावर ठेवला.

मी अंगठा दिला नाही. माझी नोकरी त्याच दिवशी गेली. रेखा रात्रभर रडली.

मावशीने स्वतःचं एकदाच सांगितलं. अशाच एका कंपनीत मशीनखाली तिचा हात गेला तेव्हा मालकाने गोड बोलून तिचा अंगठा घेतला होता. नंतर म्हणाला, ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती. "मला कुणी थांब म्हणलं नाय रं," एवढंच ती म्हणाली.

मग कामगार विम्याच्या कार्यालयाच्या खेपा सुरू झाल्या. वर्कशॉपने अपघाताची खबरच दिली नव्हती. युनियनच्या एका कार्यकर्त्याने आमच्याकडून अर्ज करवला. चौकशी झाली, डॉक्टरांच्या बोर्डासमोर हात दाखवावा लागला. गाडी बंद ठेवून मावशी सोबत यायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची. एकदा बसमध्ये मी हात खिशात घालून उभा होतो. क्रांती चौक येताच ती सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "चोरीचा माल हाय का रं खिशात? काढ की भाईर!" लोक हसले. मीही हसलो, आणि हात बाहेर काढला.

शेवटी दरमहाचं पेन्शन सुरू झालं. पुढे दुसऱ्या कंपनीत स्टोअरमध्ये कामही मिळालं.

गेल्या वर्षी काविळीने मावशी गेली. करमाडला तिला पोचवायला कितीतरी माणसं आली होती, अर्धे-मुर्धे हात जोडून.

मला मात्र ती आठवते आमच्या घरातली. मुलगी झाली तेव्हा मी तिला घ्यायलाच तयार नव्हतो. पडेल, निसटेल, काहीतरी होईल. मावशी भेटायला आली आणि तिच्या ते ध्यानात आलं. लहानपणी ती बापाबरोबर मेंढरांमागे हिंडलेली.

"बस हितं," ती म्हणाली. "कोकरू काय बोटात धरतेत व्हय? कोपरात धरतेत." तिने मुलीचं डोकं माझ्या कोपराच्या खोबणीत ठेवलं, आधाराला खालून आपला थोटा हात लावला. मुलीने जांभई दिली, तोंड माझ्या छातीकडे वळवलं.

"आता म्या हात काढते," मावशी हळूच म्हणाली.

तिने हात काढून घेतला. मुलगी तशीच झोपून राहिली.