पत्रकांत गुंडाळलेला मिक्सर

दुकानात मी किमतीच्या आधी आवाज विचारला.

"ह्यातला कमी आवाज कुठला करतो?"

दुकानदार हसला. "मोटार हाय की आत, बोलणारच ती. आवाज नको आसंल तर हे न्या." त्यानं हातानं दांडा फिरवायचं रसाचं यंत्र पुढं सरकवलं. ॲल्युमिनियमचं, स्वस्त आणि मुकं. मला ते तिथल्या तिथं पटलं.

आई म्हणाली, "ह्यात भाकरी वाटता येती का?"

"भाकरी? न्हाय वो बाई. मोसंबी पिळायचं हाय हे."

"निस्त्या मोसंबीवर माणूस जगतंय व्हय?"

गिरणीत पट्टा तुटून वडिलांच्या तोंडावर बसला होता. सिव्हिलमध्ये त्यांचा जबडा तारेनं बांधला. वरचे दात खालच्या दातांना जखडलेले, दाढेमागच्या फटीतून जाईल तेवढंच पोटात. डॉक्टर म्हणाले, जे द्याल ते पाण्यासारखं करून द्या. आम्ही दोघी पाट्यावर भाकरी वाटायचो, दुधात कालवून फडक्यातून गाळायचो. तरी कण राहायचे, तारेत अडकायचे, आणि वडील पेला बाजूला सारायचे. गिरणीच्या गेटवर भाषण करणारा माणूस भिंतीकडं तोंड करून लाळ पुसायचा. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. तारा निघेपर्यंत हे असंच चाललं असतं तर काय उरलं असतं, हे आम्ही एकमेकींना विचारत नव्हतो.

मिक्सर हवाच होता. पण आमच्या घरात वडिलांचा एक नियम होता: गल्लीत कुणाकडं नाही ते आपल्याकडं नको. मी त्या नियमात वाढले. अक्षरं शिकले ती खाटेखालच्या पत्रकांवरून. 'शोषण' हा शब्द मला 'शाळा'च्या आधी वाचता येत होता. पुढं मीच पत्रकं लिहायला लागले. चैनीच्या वस्तूंवर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं, त्यात बंगला होता, फ्रीज होता, आणि मिक्सरही होता. लिहिताना मी मिक्सर पाहिलेलासुद्धा नव्हता.

आईनं पदराआडून पुडी काढली. त्यात कडक भाकरीचे तुकडे होते.

"हे वाटून दाखवा. मग बघू."

दुकानात इस्त्रीची साडी नेसलेल्या दोन बायका पंखे बघत होत्या, त्या आमच्याकडं वळल्या. दुकानदारानं नवंकोरं भांडं आणि भाकरी यांच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. आईचा हात धरून बाहेर जावं असं वाटलं. ज्वारीच्या भाकरीवर, ती पिकवणाऱ्या हातांवर मी पानंच्या पानं लिहिलेली आहेत, आणि दोन अनोळखी बायकांसमोर मला तिची लाज वाटली! हे लिहितानाही मला माझा राग येतो.

दुकानदारानं दोन मिक्सर लावून दाखवले. मोठ्यात गुळगुळीत झालं, पण तो परवडणारा नव्हता. लहान्याला दोनच भांडी होती आणि तो बैलासारखा डुरकायचा. आईनं दोन्हींतलं बोटावर घेतलं, बोटं एकमेकांवर घासली.

"ल्हानाच द्या. कण न्हाय राहिला."

"आई, आवाज..."

"आवाज खायचा हाय का तुझ्या बाला?"

आवाज लपवायची युक्ती मला रस्त्यात सुचली. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग होते. ते चालू असले की शेजारचं बोलणं ऐकू येत नसे. मागांची खडखड चालू असेल तेव्हाच मिक्सर लावायचा, दार लावून. उरलं फक्त घरापर्यंत नेणं. माझ्या पिशवीत वाटून उरलेली पत्रकं होती. मी खोक्याला ती चारी बाजूंनी लावली, वरून सुतळी आवळली. माझ्या हातात असला गठ्ठा बघायची गल्लीला सवयच होती.

समोरच्या ओट्यावर अक्का बसलेली. तेलुगू घरातली, विड्या वळणारी, नवरा मागावर. तिला वाचता येत नसे. माझं प्रत्येक पत्रक ती ओट्यावर बायका जमवून माझ्याकडून वाचून घ्यायची आणि मध्येच म्हणायची, "हे कठीण लिवलंयस. सोपं सांग."

"ए पोरी, नवीन पत्रकं आनलीस?"

"हो अक्का."

"मोटा गट्टा हाय की. काय लिवलंय ह्या खेपेला?"

"भाववाढीबद्दल," मी म्हणाले.

आईनं नाकातून हवा सोडली आणि पुढं निघून गेली.

वडिलांनी खोकं पाहिलं. बांधलेल्या दातांतून त्यांनी विचारलं, "गल्लीत कुणाकडं आहे?"

"गल्लीत कुणाचा जबडा तारेनं बांधलाय?" आईनं विचारलं.

त्यांनी खोकं आईकडं सरकवलं. आमच्या खोलीत एकच दिवा. तो काढून त्याच्या होल्डरमध्ये मिक्सरची वायर लावावी लागे. बाजूचे माग खडखडत होते, दार लावलेलं, आम्ही अंधारात भाकरी फिरवत होतो. पेला त्यांनी पहिल्यांदा तळापर्यंत संपवला. पुढचे दिवस असेच गेले, आणि त्यांच्या गालांवर थोडं मांस दिसायला लागलं.

मग मागवाल्यांचा संप झाला. मजुरीसाठीचा, रास्त संप. त्याचं पत्रक मीच लिहिलं होतं आणि अक्काच्या ओट्यावर वाचलंही होतं. "आन् ते भाववाढीचं?" तिनं विचारलं होतं. "नंतर," मी म्हणाले होते.

संपाच्या सकाळी गल्ली इतकी शांत होती की कुणाच्या तरी घरातलं भांडं घासलेलं ऐकू येत होतं. मी मिक्सरकडं पाहिलं आणि पाटा खाली घेतला. पुन्हा वाटलं, गाळलं, पेला दिला. दुसऱ्याच घोटाला वडील कळवळले. तारेखाली कण गेला होता. त्यांनी पेला खाली ठेवला आणि पाट्याकडं बोट केलं. का?

"आज माग बंद आहेत," मी म्हणाले. "आवाज बाहेर जाईल."

ते माझ्याकडं बघत राहिले. दार लावण्याचं कारण त्यांनी आजवर विचारलं नव्हतं, ते आता त्यांना कळलं. ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दार उघड," ते म्हणाले. दातांत अडकलेले ते दोन शब्द नीट येईनात म्हणून त्यांनी पुन्हा म्हटले.

आईनंच उघडलं. तशीच मागं फिरून तिनं दिवा काढला, वायर लावली, बटण दाबलं. मिक्सर डुरकला. त्या शांततेत तो गिरणीच्या भोंग्याएवढा वाटला. गल्लीतली दारं एकेक करून भरली. वडील भिंतीचा आधार घेत उंबऱ्यावर आले, बसले, आणि सगळ्यांदेखत पेला तोंडाला लावला. हनुवटीवरून ओघळ आला. तो त्यांनी पुसला, पण तोंड फिरवलं नाही.

अक्का विड्यांचं सूप मांडीवरून उतरवून आली. आधी तिनं वडिलांकडं पाहिलं.

"गिळाया येतंय का, दादा?"

त्यांनी मान हलवली.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या खोक्याकडं गेली. मिक्सर आम्ही वरूनच काढला होता, पत्रकं अजून त्याच्यावर सुतळीनं बांधलेली होती. ती खोक्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

"मी सगळ्यांस्नी सांगून ठिवलंय," ती म्हणाली, "भाववाढीचं येतंय म्हून. रोज इचारत्यात."

मिक्सरबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. परत जाऊन तिनं सूप मांडीवर घेतलं.

वडिलांच्या तारा निघाल्या. संप मिटला, माग पुन्हा खडखडायला लागले, पण आमचं दार आता उघडंच असतं. भाववाढीवरचं पत्रक मी लिहिलं, अक्काला पटेल इतकं सोपं. ते घेऊन तिच्या ओट्यावर गेले तेव्हा बायका जमलेल्या होत्या. तिनं तो पातळ कागद दोन बोटांत धरला, उलटा केला, खालून बघितला.

"ह्यात काय गुंडाळून आनलंस गं?"

बायका खदखदून हसल्या. ती आजही दर पत्रकाला हेच विचारते. मी कागद झटकून दाखवते आणि मान खाली घालून वाचायला लागते.